मागे चालायचा पाय

मुकादमाने दोर आणून दारात टाकला तेव्हा दोरवाला उंबऱ्यावर बसून पाय बांधत होता. पट्टा आवळून त्याने वर पाहिले. दोर नवाच होता. आठवड्यापूर्वी याच दारातून गेलेला.

"वापरला नाही अजून," मुकादम म्हणाला. "नुसता ताणून बघितला. आता तूच बघ."

दोरवाल्याने दोर जवळ ओढला आणि त्याच्याकडे न पाहता बोटांतून सोडत गेला. थोडा वेळ जाड, मग बारीक, मग परत जाड. एका जागी पीळ सैल पडून वाखाचे तंतू बाहेर डोकावत होते. त्याची बोटे तिथे थांबली. आत चुलीपुढे बसलेल्या बायकोने मागे वळून पाहिले नाही. तिने फक्त हाताच्या मुठी मिटल्या.

"उंदीर गिळलेल्या सापासारखा झालाय," मुकादम म्हणाला. मग घरातल्या बाईला ऐकू गेले असेल हे लक्षात येऊन त्याने आवाज उतरवला. "मी भांडायला आलो नाही. तुझ्या हातचा असता तर ताणूनही बघितला नसता. पण वर पोत्यांची रास असते आणि खाली माझी माणसं उभी असतात."

"पुढच्या खेपेला नीट देतो."

"सुगी तोंडावर आली. गाड्या लागल्या की मला रोज दोर लागणार. दुकानात नायलॉनचा टांगलाय. हात कापतो, ओला झाला की निसटतो, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा असतो. एकदा माणसांच्या हातात तो बसला की तुझ्या दारात परत कोण येणार?"

दोरवाला उठला. मुकादमाला रस्त्यापर्यंत पोहोचवायची घरची रीत होती आणि आज ती पाळणे त्याला जास्तच गरजेचे वाटले. दोघे बरोबरीने चालत गेले. पाय सहज वाकत होता, सहज पुढे पडत होता. विजार घोट्यापर्यंत होती, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नव्हते.

"अरे, चालतोस की झकास!" मुकादम म्हणाला. "कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मग पट्टीवर अजून तुझी बायको का?"

"होईल आता," दोरवाला म्हणाला.

घरामागे झाडांच्या दोन ओळींच्या मधोमध तुडवून तुडवून घट्ट झालेली जमिनीची लांब पट्टी होती. तिच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला खुंट. दोर वळण्याचे काम उलटे असते. चाकाच्या आकड्याला वाखाची टोके अडकवायची, एकाने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने कमरेला वाखाचा भारा गुंडाळून मागे मागे जायचे. बोटे सोडतील तेवढाच वाख आकड्याकडे ओढला जातो आणि त्यालाच पीळ बसतो. पाऊल अडखळले की बोट अडखळते, बोट अडखळले की दोरात गाठ राहते. ज्याला हे काम येते तो कुठे जातोय हे कधी बघत नाही. त्याचे तोंड सतत चाकाकडे असते.

दोरवाला हे लहानपणापासून करत आला होता. त्याची थोरली बहीण आक्का नवरा गेल्यापासून याच घरी होती. ती म्हणायची, "जन्मलासुद्धा पायाळू. आधी पाय बाहेर, मग तोंड. मागं चालत जगात आला, त्याला पुढचं काय दिसणार!"

पाय गेला तो लाकडाच्या वखारीत. गाडीवरून ओंडका घरंगळला आणि गुडघ्यावर आला. मोठ्या दवाखान्यात गुडघ्याच्या वरून कापावा लागला. ओंडका सुटला तो दुसऱ्या कोणाच्या तरी दोरातून, हे तो भेटेल त्याला आवर्जून सांगत असे. पाय गेल्याचे सांगताना आवाज हलत नसे, पण दोराबद्दल सांगताना हमखास चढे.

तो खाटेवर पडला तेव्हा बायको पट्टीवर उतरली. चाक आक्का फिरवायची. पुढे तो बसता झाला तेव्हा त्याने चाक घेतले. काम बायकोला माहीत होते, कमी होती ती बोटांत. तिचे सांधे बरीच वर्षे सुजत होते. सकाळी मूठ उघडत नसे, कोमट पाण्यात हात धरून बसावे लागे. वाख जाड सुटतोय की बारीक, ते त्या बोटांना कळेनासे झाले होते. तरी ती उन्हाळाभर मागे चालली. दोर होत गेले, लोक घेत गेले, आणि घेणारे हळूहळू कमी होत गेले.

मग पायाची खबर आली. बसने जावे लागेल अशा शहरात परदेशातल्या एका संस्थेच्या मदतीने पाय बनवायचे केंद्र होते. लांबलचक खोली, ओल्या प्लास्टरचा वास, भिंतीला मोठा आरसा, मध्ये धरून चालायला दोन आडवे दांडे. माप घेणाऱ्या माणसाच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड बसलेली असायची. त्याला सगळे पायवाला म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई.

पाय बसवताना पायवाला म्हणाला होता, "काका, मांडी बसते ती वाटी तुमच्या मापाची, नवी आहे. पण हा गुडघा आपल्याकडे बनत नाही. तो कोणाचा तरी होता."

"कोणाचा?"

"नाव नाही कळत. तिकडे माणूस गेला की घरचे त्याचा पाय आमच्याकडे पाठवून देतात. आम्ही सुटा करून पुन्हा जोडतो."

दांड्यांमधून तो पहिल्यांदा चालला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आरशातून एक माणूस त्याच्याकडे दोन पायांनी चालत येत होता. दोरवाल्याने दांडा सोडून दोन्ही हात जोडले, पण कोणाकडे बघून जोडावेत ते न कळून आरशाकडे बघूनच जोडले.

परतीच्या बसमध्ये तो गुडघा चाचपत बसला होता. मग म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या गुडघ्यावर चालतोय मी."

"बरं झालं," बायको म्हणाली. "जित्या माणसांनी काय दिलं होतं आपल्याला?"

गावात तो पायी शिरला. रस्त्यावर कोणी वळून पाहिले नाही, आणि हेच त्याला सगळ्यात आवडले. पाय नसताना पोरेसोरेसुद्धा वळून बघत. आता तो दुकानावर जाई, पाण्यावर जाई, काम नसताना चौकात जाई. रोज अंग पुसून झाले की तो गुडघ्याची धूळ फडक्याने काढी, बिजागरीला तेलाचा थेंब देई.

पट्टीवर मात्र दुसऱ्याच दिवशी निकाल लागला होता. कमरेला वाख गुंडाळून, आक्काला चाक फिरवायला सांगून तो मागे निघाला. पहिले पाऊल आपल्या पायाचे होते, ते पडले. दुसऱ्यावर वजन टाचेकडे गेले आणि कोणी मागून लाथ घालावी तसा गुडघा मुडपला. तो बसकण मारून खाली आला. आक्का हसली, मग हसायची थांबली. त्याने पुन्हा केले, पुन्हा पडला. तेव्हापासून तो घर जागे होण्याआधी एकटाच पट्टीवर जाऊन मागे चालायचा सराव करी. पाठीवर, कोपरावर काळेनिळे डाग उठत. दोष आपलाच आहे अशी त्याची खात्री होती. एवढ्या लांबून आलेली, एवढ्या चांगल्या माणसांनी दिलेली वस्तू, तिच्यात खोट कशी असेल? केंद्रात तपासणीला गेला तेव्हा पायवाल्याने विचारले, "काही त्रास?"

"काही नाही. देवमाणूस आहात तुम्ही."

बायको शेजारी उभी होती. ती त्याच्या कोपरावरच्या डागाकडे बघत राहिली.

मुकादम दोर टाकून गेला त्याच आठवड्यात निरोप आला की परदेशातल्या संस्थेच्या बाई गावात येणार आहेत. ज्यांना पाय मिळाले त्यांची घरे त्यांना बघायची होती. निरोप घेऊन आला तो चौकातला सायकलवाला. त्याचाही पाय मांडीतून गेलेला होता. तो कुबड्यांवर फिरे, आणि दिवसभर फळीच्या बुटक्या पाटावर एक मांडी आडवी टाकून पंक्चर काढी. केंद्राच्या रांगेत त्याचे नाव लागले होते.

"त्या बाईंच्या खिशातून चालतं म्हणे सगळं," तो म्हणाला.

"केवढा खिसा असेल!" आक्का म्हणाली.

"मस्करी करू नकोस आक्का. मी सांगायला आलोय ते नीट ऐका. पाय छान आहे, सगळं झकास आहे, एवढंच बोलायचं. कुरकुर केलीत तर त्या म्हणतील, या लोकांना देऊन उपयोग नाही. मग माझी पाळी गेली बोंबलत."

"मी कशाला कुरकुर करू?" दोरवाला म्हणाला. "त्यांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत."

"तुझी भीती नाही रे," सायकलवाला म्हणाला आणि चुलीकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघता भावजी," बायको म्हणाली. "चहा घेणार का, ते सांगा."

बाई आल्या त्या दिवशी ऊन चांगले तापले होते. शेजारच्या घरांतून तीन खुर्च्या आणल्या होत्या, तिन्ही वेगवेगळ्या उंचीच्या. बाई उंच होत्या, नाकाचा शेंडा उन्हाने सोलवटला होता. बरोबर एक दुभाष्या आणि पायवाला होता. भुवया धुऊन आल्यामुळे पायवाला आधी ओळखूच आला नाही. बाईंनी खुर्च्या पाहिल्या, हसल्या आणि सरळ वाखाच्या गठ्ठ्यावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांना पोटऱ्या खाजवाव्या लागल्या.

"टोचतंय त्यांना," आक्का कुजबुजली. "पण बोलत नाहीत. आपल्यातल्याच दिसतात."

दोरवाल्याने धुतलेली विजार घातली होती. पायवाल्याने सांगितल्यावर तो झाडापर्यंत गेला, वळला, परत आला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. सायकलवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्याने कुबडी काखेत धरून त्यांच्याहून जोरात वाजवल्या. दुभाष्याने फोटो काढला.

"बाई विचारतात, पाय मिळाल्यावर काय बदललं?"

"सगळं बदललं," दोरवाला म्हणाला. हे वाक्य त्याने सकाळीच ठरवून ठेवले होते. "मी माणसात आलो. त्यांना सांगा, आमच्या घरात रोज त्यांची आठवण निघते."

हे खरे होते आणि ते सांगताना त्याचे डोळे भरून आले. दुभाष्याने सांगितले. बाईंनी छातीवर हात ठेवला.

"आणखी काही हवंय का, विचारतात."

"काही नको. भरून पावलो."

"त्यांना उलटं चालायला सांगा," बायको म्हणाली.

ती दारातच उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण अंगणात तेव्हा दुसरे कोणी बोलत नव्हते. दुभाष्या थांबला. सायकलवाल्याने कुबडी जमिनीवर आपटली.

"गप्प बस," दोरवाला म्हणाला.

"अहो, का गप्प बसू?" ती पुढे आली आणि पायवाल्याकडे बघून बोलू लागली, कारण तिथे तिला ओळखीचा तो एकटाच होता. "पाय चांगला आहे. ज्याचा होता त्याच्या घरच्यांचं भलं होवो, हे मी रोज म्हणते. पण ह्यांचं काम मागं चालायचं आहे. मागं चालले की पडतात. रोज पहाटे पडतात आणि त्यांना वाटतं मी झोपलेय. पाठ बघा त्यांची. आणि त्यांच्याऐवजी कोण चालतंय ते बघायचं असेल तर हे बघा."

तिने दोन्ही हात पुढे केले. बोटे सांध्यांशी फुगलेली होती, एक सरळ होत नव्हते. वाखाने चिरा पडलेल्या जागी मळ काळा बसला होता. बाई गठ्ठ्यावरून उठल्या. दुभाष्याला त्यांनी काहीतरी विचारले आणि त्याने मान खाली घालून सगळे सांगितले. बराच वेळ सांगत होता.

मग सगळे पट्टीवर गेले. दोरवाल्याला जायचे नव्हते, पण आता न जाणे जाण्याहून वाईट दिसले असते. त्याने कमरेला वाख गुंडाळला. आक्काने चाक धरले. तो दोन पावले मागे गेला आणि पडला. परदेशातल्या बाई, दुभाष्या, सायकलवाला, कुंपणाबाहेर जमलेले शेजारी, सगळ्यांच्या समोर पडला. विजारीची शिवण उसवली.

पायवाला त्याला उचलायला धावला नाही. तो गुडघ्यांवर बसून टाचेकडे बघत होता.

"काका, परत."

दोरवाला उठला. परत पडला.

"आणखी एकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा पायवाल्याने त्याला मधेच धरले आणि कपाळावर हात मारला. "अहो, मागं जाताना सगळं वजन शेवटी टाचेवर येतं. आणि टाचेवर असं वजन आलं की हा गुडघा वाकायलाच बघणार. तो पुढं चालायला केलेला आहे." मग त्याच्या मनात काय आले कोण जाणे, त्याने दोरवाल्याच्या कमरेचा वाख सोडवून आपल्या कमरेला गुंडाळला. "मला बघू द्या जरा. फिरवा आक्का."

दोन धडधाकट पायांवर तो मागे निघाला. सुरुवातीला बरा गेला. मग वाखाकडे बघावे की पायाकडे ते त्याला ठरवता येईना. वाखाचा बोळाच्या बोळा सुटला, पीळ तुटला, आणि तो खुंटाला धडकून आडवा झाला.

"ह्या दोराने मांजरसुद्धा बांधता यायचं नाही," आक्का म्हणाली.

आधी कुंपणाबाहेरचे हसले, मग दुभाष्या. बाई तोंडावर हात धरून हसत होत्या. पायवाला धुळीत बसल्या बसल्या हसला, आणि दोरवालाही हसला. हसू येईल असे वाटण्याआधीच हसला.

"मला का नाही सांगितलंत?" पायवाल्याने विचारले.

"एवढं केलंत तुम्ही. त्यावर अजून काय..."

"मी दिवसाला पाच-पन्नास माणसं पुढं चालवून बघतो. मागं चालणारा माणूस मला भेटलाच नव्हता. मी 'त्रास आहे का' विचारलं, 'काम काय करता' ते विचारायला हवं होतं. तुम्ही सांगायला हवं होतं. चूक निम्मी निम्मी." तो उठून कपडे झटकू लागला. "दुसरा गुडघा आहे. साधा. त्याला खटका असतो. खटका लावला की पाय ताठ, कसाही चाला, वाकत नाही. बसताना खटका सोडायचा. पट्टीवर तुम्हाला तोच लागेल. पण काका, तो देखणा नाही. ताठ पाय बाजूने फेकत चालावं लागेल. रस्त्यावर लोकांना कळेल."

दोरवाल्याचे हसू थांबले.

"दोन्ही नाही मिळायचे?"

"रांग मोठी आहे हो. एका माणसाला एकच."

"मग हा?"

"हा दुसऱ्याला जाईल."

दोरवाल्याने विजारीवरून गुडघ्यावर हात ठेवला. "त्या माणसाच्या घरच्यांनी मनापासून दिला. परत केला तर त्यांना काय वाटेल?"

हे दुभाष्याने बाईंना सांगितले. त्यांनी आधी त्या गुडघ्याकडे पाहिले. मग थोडेच बोलल्या. दुभाष्या म्हणाला, "बाई म्हणतात, त्या घरच्यांना त्या ओळखत नाहीत. पण कोणीतरी चालावं म्हणून त्यांनी दिला, कोणी पडावं म्हणून नाही. आणि म्हणतात, त्या जिथे जातात तिथे सगळे त्यांना 'छान आहे' असंच सांगतात. काकूंचे आभार मानायचेत त्यांना."

बाईंनी बायकोचा हात हातात घेतला. दाबला नाही, नुसता खालून धरला. मग बोटाच्या सांध्याकडे बघत पायवाल्याला काही विचारले. त्याने सांगितले की केंद्रात हातांच्या डॉक्टर बाई दर महिन्याला येतात, पायासाठी येणाऱ्यांबरोबरच्या बायकाही दाखवू शकतात, फक्त आजवर कोणी दाखवले नव्हते.

गाडी गेल्यावर दोरवाला घरात गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत उसवलेली विजार शिवत बसला. बायकोने ताट वाढले.

"चार माणसांत पाडलंस मला," तो म्हणाला.

"पडत तर रोज होता. आज माणसं होती एवढंच."

"आणि आता लंगडत चालू? लोक बघतील ते?"

तिने त्याच्या ताटात आणखी भाकरी वाढली. आक्का आपले ताट घेऊन उठता उठता म्हणाली, "चालतोस राजासारखा, मी नाही म्हणत नाही. पण राजाला कोणी दोर मागत नाही."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच चौकात गेला. चहाच्या दुकानापुढून गेला, पिठाच्या गिरणीपुढून गेला, परत आला. कोणी वळून पाहिले नाही. गिरणीपाशी मुकादमाची दोन माणसे गाडीवर पोती बांधत होती. दोर नायलॉनचा होता, निळा. खाली उभ्या माणसाने गाठ ताणली, हात झटकला आणि तळव्यावर फुंकर घातली. दोरवाला थांबून ते बघत राहिला. त्याला कोणी ओळखले नाही असे नव्हते. त्या माणसाने ओळखले आणि तळवा विजारीला पुसत नजर चुकवली.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "बस किती वाजता आहे?"

"तुमच्या पायासाठी की माझ्या हातासाठी?"

"दोन्हीसाठी. एकच बस आहे."

बसमध्ये सायकलवालाही होता. बाईंच्या भेटीनंतर त्याची पाळी गेली नव्हती, उलट निरोप आला होता की लवकर या. तो दोघांपासून लांब, पुढच्या बाकावर बसला होता. केंद्रात पायवाल्याने माप घेण्याआधी त्याला विचारले, "दिवसभर काय करता? करून दाखवा."

"इथे?"

"इथेच."

सायकलवाला लादीवर बसला, पुढ्यात नसलेले चाक धरून फिरवू लागला, नसलेल्या पाण्यात ट्यूब बुडवू लागला. पायवाला भिंतीला टेकून नीट बघत होता. मग म्हणाला, "तुम्हाला दिवसातून शंभरदा उठबस. ताठ पाय तुमच्या कामाचा नाही. वाकणारा हवा." आणि त्याने दोरवाल्याकडे पाहिले.

दोरवाला बाकावर बसला होता. त्याने पाय काढला, मांडीवर आडवा घेतला, आणि गुडघ्यावरची बसमधली धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसली. बिजागरी दोनदा वाकवून बघितली. मग पाय पायवाल्याच्या हातात दिला.

सायकलवाल्याला कुठे बघावे ते कळत नव्हते. "उतरवलेला घालू का मी तुझा?"

"माझाही उतरवलेलाच होता," दोरवाला म्हणाला. "नीट वापर. तेल घालत जा. आधीचे दोघेही चांगल्या घरचे होते."

सायकलवाला हसायला गेला आणि त्याला ते जमले नाही. त्याने दोरवाल्याचा दंड धरला. "तुझ्या बायकोवर कुबडी आपटली मी."

"जमिनीवर आपटलीस. मी बघितलं."

साधा गुडघा जड होता, रंगही उडालेला. खटका दाबला की ठक्क आवाज होई आणि पाय मेखेसारखा ताठ राही. दांड्यांमधून तो पुढे चालला तेव्हा आरशातला माणूस पाय बाजूने फेकत येत होता. त्याने आरशाकडे पाठ केली आणि मागे चालू लागला. एक पाऊल, आणखी एक. पाय थिजल्यासारखा उभा राहिला. खोलीच्या टोकाला भिंत पाठीला लागली तेव्हाच तो थांबला.

"तुमचे उपकार..." तो सुरू झाला.

"ते नंतर," पायवाला म्हणाला. "आधी खरं सांगा. टोचतंय कुठे?"

दोरवाला घुटमळला. बायको हातांच्या डॉक्टर बाईंकडून परत आली होती आणि दाराशी उभी राहून ऐकत होती.

"टोचतंय," तो म्हणाला.

"कुठे?"

"जांघेत. आतल्या बाजूला."

"शाब्बास!" पायवाला म्हणाला. त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की बघणाऱ्याला वाटावे, कोणीतरी मिठाई आणली. तो कानस घेऊन वाटीची कड घासू लागला. पांढरी पूड त्याच्या भुवयांवर बसत गेली. दोरवाला त्याच्यापुढे एका पायावर उभा राहून त्या भुवयांकडे बघत होता, आणि आपण या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी परत दिले असे त्याला वाटत होते.

सुगी सुरू झाली त्या आठवड्यात पट्टीवरची पाने झाडून झाली. चाकावर बायको बसली. डॉक्टर बाईंनी तिला चाकाच्या दांड्यावर जाड कापड गुंडाळायला सांगितले होते, म्हणजे मूठ पूर्ण मिटावी लागत नाही. कापड आक्काने गुंडाळले. दोरवाल्याने खटका लावला, वाख आकड्याला अडकवला आणि मागे निघाला.

ताठ पाय तो उचलत नव्हता, अर्धवट ओढत होता. धुळीत त्याच्या पुढ्यात एक रेघ उमटत गेली. पहिला पेड सावकाश झाला. त्याची बोटे वर्षभर बसून होती, ती आधी घाबरली, मग त्यांना आठवले. वाख अंगठ्याखालून निघत होता, पीळ घेऊन चाकाकडे पळत होता. तो चाकाकडे बघत होता आणि चाकापाशी बसलेली बाई लहान होत चालली होती.

"डावीकडे जाताय," ती ओरडली.

"माहीत आहे."

"मुळी आहे मागं."

"ती मुळी माझ्या जन्माच्या आधीची आहे. चाक फिरव तू."

खुंटाला पाठ लागेपर्यंत तो पडला नाही. दुसरा पेड झाला, तिसरा झाला. तिन्हींचा मिळून दोर झाला. घामाने वाटीत मांडी सरकत होती, ते त्याने बोलून दाखवले. आक्काने फडके आणून दिले.

मुकादम संध्याकाळी आला. त्याने रस्त्यावरूनच दोरवाल्याला पट्टीवर पाय फेकत चालताना पाहिले असणार, पण त्याबद्दल तो काही बोलला नाही. दोराचे एक टोक त्याने झाडाला बांधले, दुसरे कमरेला गुंडाळून सगळे वजन मागे टाकले. मग दोर मुठीतून सोडत झाडापर्यंत गेला. हात कुठेच थांबला नाही.

"उद्या आणखी," तो म्हणाला, आणि दोराचे वेटोळे खांद्यावर टाकून निघाला. दोरवाला त्याला रस्त्यापर्यंत पोहोचवायला गेला. पाय बाजूने फेकत, धूळ उडवत गेला. गिरणीवरून येणारी दोन माणसे वळून बघत राहिली. त्याने त्यांना हात केला.

परत येऊन तो उंबऱ्यावर बसला. खटका सोडला, पाय काढून भिंतीला टेकवला. सगळ्यांचे आभार मानून झाले होते. बाईंचे, पायवाल्याचे, डॉक्टर बाईंचे, बसच्या ड्रायव्हरचेसुद्धा. बायको शेजारी येऊन बसली तेव्हा त्याला बोलायला शब्द सापडेना. असले शब्द घरात कधी वापरलेच नव्हते.

"हात आण इकडे," तो म्हणाला.

तिने हात दिला. बोटांच्या चिरांत वाखाचे बारीक तंतू रुतून बसले होते, उन्हाळ्यापासूनचे. त्याने सुई घेतली, तिचा तळवा उजेडाकडे वळवला आणि एकेक तंतू काढू लागला.

"दुखलं तर सांग," तो म्हणाला.

"सांगतेच मी," ती म्हणाली. "तुमच्यासारखी नाही."